श्रीलंकेचे बेडूक श्रीलंकेतलेच कसे राहिले?

श्रीलंकेतल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची आणि बेडकांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. बेटावर कायम वस्तीला असणारे पक्षी साधारण २४० प्रजातींचे. त्यांतल्या ३४-३५ प्रजाती जगात दुसरीकडे कुठंच नाहीत, म्हणजे सातात एक. फुलपाखरं अडीचशेच्या आसपास आणि त्यातली निव्वळ तिथलीच अशी पंचवीस-तीस. बेडकांकडं आलं की आकडा एकदम उलटतो. सुमारे १२० प्रजाती, आणि त्यांतल्या शंभराहून अधिक फक्त श्रीलंकेच्या. बेट एकच, पाऊस तोच, जंगलं तीच, तरी पक्ष्यांत सातात एक आणि बेडकांत दहातले आठ-नऊ हा फरक कुठून आला?

एखादा जीव जगाच्या एकाच भागात सापडतो, बाकी कुठंही नाही, तेव्हा अभ्यासक त्याला प्रदेशनिष्ठ म्हणतात. बेटांवर असे जीव जास्त असतात हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यामुळं या कोड्याचं उत्तर पटकन सुचतं: पक्ष्याला पंख आहेत, फुलपाखराला पंख आहेत, बेडकाला नाहीत. समुद्र ओलांडता येत नाही म्हणून बेडूक अडकून पडला आणि वेगळा झाला. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण निम्मंच खरं आहे. कारण श्रीलंका आणि भारत यांच्यामध्ये बराच काळ समुद्र नव्हताच.

तामिळनाडूच्या टोकावरच्या धनुष्कोडीहून श्रीलंकेतलं तलाईमन्नार जेमतेम तीस किलोमीटर. मधला समुद्र इतका उथळ आहे की कित्येक ठिकाणी पाण्याची खोली काही मीटरच भरते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, पृथ्वीवरचं पुष्कळसं पाणी ध्रुवांकडं बर्फ होऊन बसलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. तेव्हा तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून सरळ चालत श्रीलंकेत जाता येत होतं. बर्फ वितळलं, समुद्र चढला, वाट बुडाली. असं एकदाच झालेलं नाही. गेल्या काही लाख वर्षांत हिमयुगं आली-गेली तशी ही जमीन पुन्हा पुन्हा वर आली आणि पुन्हा पुन्हा बुडाली. श्रीलंकेच्या रानात हत्ती, बिबट्या, अस्वल, चितळ आहेत, आणि ते आपल्याकडचेच आहेत. फार तर उपप्रजाती वेगळी.

मग वाट उघडी असताना बेडूक का नाही आले-गेले? २००४ साली जीवशास्त्रज्ञ फ्रँकी बोसाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या आणि श्रीलंकेतल्या प्राण्यांच्या जनुकांची तुलना करून ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यात झुडपी बेडूक होते, गांडुळासारखे दिसणारे बिनपायाचे उभयचर होते, गोड्या पाण्यातले खेकडे, कोळंबी आणि मासे होते, मातीत राहणारे खापरखवल्या कुळातले साप होते. त्यांना दिसलं ते असं, की भूसेतू, म्हणजे समुद्र उतरला की वर येणारी ती जमीन, इतक्यांदा उघडूनही दोन्हीकडचे हे जीव फारसे मिसळलेच नाहीत. श्रीलंकेतल्यांचं जवळचं नातं श्रीलंकेतल्यांशीच. तोवर पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना जैवविविधतेचा एकच प्रदेश मानून एकत्र मोजायची पद्धत होती. या अभ्यासानंतर तसं मोजणं पुरेसं नाही हे स्पष्ट झालं.

अडथळा समुद्राचा नव्हता, कोरडेपणाचा होता. श्रीलंकेचा नकाशा पावसाच्या नजरेनं पाहा. बेटाचा नैऋत्य कोपरा आणि मधला डोंगराळ भाग ओला, बाकी बराचसा कोरडा. ओल्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सिंहराजाच्या जंगलात तर साडेतीन ते पाच हजार. उत्तरेला जाफनाकडं जावं तसं काटेरी खुरटं रान लागतं. समुद्राच्या अलीकडं, तामिळनाडूतला रामनाथपुरमचा आपला भागही तसाच रखरखीत. हिमयुगात वर आलेला भूसेतू नेमका या दोन कोरड्या पट्ट्यांना जोडत होता आणि त्या काळी हवा आजच्याहून कोरडी होती. हत्तीला, चितळाला त्याचं काही नाही. पाणवठा गाठत गाठत ते निघून जातात. बेडकाला ते जमत नाही.

बेडकाची कातडी हे त्याचं दुसरं फुफ्फुस असतं. हवेतला प्राणवायू कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि आतल्या रक्तात शिरतो. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, तेही कातडीतूनच शोषतो. अशी कातडी पातळ आणि ओली ठेवावीच लागते, आणि जी कातडी पाणी आत घेते ती बाहेरही सोडते. दोन-तीन सेंटिमीटरच्या झुडपी बेडकाला कोरड्या वाऱ्यात सोडलं तर मे महिन्यात ओलं फडकं दोरीवर टाकावं तशी त्याची गत होते. त्याच्यासाठी दोनशे किलोमीटरचं काटेरी रान म्हणजे समुद्रच. हा समुद्र हिमयुगात आटत नव्हता, उलट आणखी रुंद होत होता.

आता पक्ष्यांकडं वळू. पंख आहेत म्हणून पक्षी सगळीकडं जातो असं आपण गृहीत धरतो, पण ते प्रत्येक पक्ष्याला लागू नाही. नवरंग पाहा. वळवाच्या सुमारास हा पक्षी कोकणात आणि सह्याद्रीच्या रानांत येतो, पावसाळ्यात घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि पाऊस संपत आला की दक्षिणेची वाट धरतो. त्यातले पुष्कळ नवरंग ऑक्टोबरच्या सुमारास पाल्कची सामुद्रधुनी, म्हणजे मधला तोच अरुंद समुद्र, ओलांडून श्रीलंकेत हिवाळा काढतात. बागांमधल्या पाल्यापाचोळ्यात ते उड्या मारताना दिसतात आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्यांची दोन सुरांची शीळ ऐकू येते. जो पक्षी दर वर्षी असा ये-जा करतो, त्याची वेगळी श्रीलंकन प्रजाती व्हायला वावच राहत नाही. दोन्हीकडचं रक्त सतत मिसळत राहतं.

उलट दाट सदाहरित जंगलाच्या सावलीत जन्म काढणारे पक्षी उघड्या जागेवर यायलाच नाखूष असतात. त्यांना खाडी सोडाच, रुंद रस्तासुद्धा जड जातो. असे पक्षी दोन्हीकडं अडकून पडले आणि हळूहळू वेगळे झाले. म्हणून सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला श्रीलंकेच्या ओल्या रानात सतत ओळखीचे चेहरे भेटतात, पण कुणीही हुबेहूब तो नसतो. आपल्या राखी रानकोंबड्याच्या जागी तिथं नारिंगी अंगाचा, तांबड्या तुऱ्याच्या मधोमध पिवळा डाग असलेला कोंबडा आहे, आणि तो त्यांचा राष्ट्रीय पक्षी आहे. आंबोलीत दिसणाऱ्या मलबारी राखी धनेशाचा सख्खा नातेवाईक तिथं आहे. शीळकरी कस्तुराचाही आहे. आपला कस्तुर भल्या पहाटे ओढ्याकाठी माणसासारखी मनमोकळी शीळ घालतो. तिथला मात्र उंच डोंगरातल्या ओढ्यांच्या गर्द सावलीत दडून असतो, उजाडताना आणि अंधारताना बारीक, टोकदार आवाज काढतो आणि लगेच नाहीसा होतो. श्रीलंकेत पक्षी बघायला जाणाऱ्यांच्या यादीत शेवटपर्यंत राहून जातो तो बहुधा हाच.

या रानातल्या पक्ष्यांचं एक वैशिष्ट्य जरा थांबून पाहण्यासारखं आहे. सिंहराजात तासभर चाललं तरी कधी कधी एक पक्षी दिसत नाही. जळवा झटकत माणूस कंटाळतो. आणि मग एकदम कलकलाट होतो, चारी बाजूंनी फांद्या हलू लागतात आणि दहा-बारा प्रजातींचे तीस-चाळीस पक्षी एकत्र समोरून जायला लागतात. पुढं नारिंगी चोचीचे सातभाई. ते सगळ्यात जास्त, सगळ्यात गोंगाट करणारे, पानं आणि वाळका पाला उलथत चालणारे. त्यांच्या धसमुसळेपणानं उडालेले किडे हवेतल्या हवेत टिपायला तुरेवाला कोतवाल टपून असतो. त्यांच्या मागं खालच्या पाल्यात राखाडी डोक्याचे सातभाई, मधल्या फांद्यांवर मलबारी कर्णा, आणि वर शेंड्यांत लाल तोंडाचा मालकोहा किंवा निळी, तांबूस डोक्याची श्रीलंकन मॅगपाय. प्रत्येकाचा मजला ठरलेला, त्यामुळं भांडण कमी.

कोतवाल फुकटचं खातो असं वाटेल, पण तो पहारा देतो. ससाणा-शिक्रा दिसला की तो ओरडतो आणि अख्खी टोळी जागच्या जागी गोठते. सरथ कोटगामा आणि एबेन गुडेल या अभ्यासकांनी सिंहराजातल्या या टोळ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं, की कोतवाल इतर प्रजातींच्या आवाजांची नक्कल करतो, आणि त्यामुळं ते पक्षी टोळीकडं ओढले जातात. जितकी टोळी मोठी तितके किडे जास्त उडणार. माझ्या मते एखादं जंगल शाबूत आहे की नाही हे कळायला अशी टोळी हा उत्तम पुरावा आहे. एकेक पक्षी तुटक्या रानातही तग धरून राहतो, पण सगळे मजले शाबूत असल्याशिवाय सगळे मजले व्यापणारी टोळी जमत नाही.

पक्ष्यांची यादी पुरी झाली असं सगळ्यांनी मानलं होतं. १८६८ नंतर श्रीलंकेत एकही नवा पक्षी सापडला नव्हता. १९९५ मध्ये कितुलगलाच्या रानात पक्षीअभ्यासक दीपल वराकागोडा यांनी रात्री एक आवाज ऐकला. श्रीलंकेच्या पक्ष्यांचे आवाज त्यांना पाठ होते आणि हा त्यातला नव्हता. पुढं सहा वर्षं तो आवाज मधूनमधून कानावर पडत राहिला, पक्षी काही दिसेना. जानेवारी २००१ मध्ये सिंहराजात तो अखेर विजेरीच्या झोतात आला: तांबूस रंगाचं, मुठीत मावेल एवढं घुबड, जमिनीलगतच्या झुडपात बसलेलं. २००४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, ‘ओटस थिलोहॉफमनी’. थिलो हॉफमन यांनी १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी चाललेली सिंहराजाची यांत्रिक तोड थांबवायला चळवळ उभी केली होती. ती तोड थांबली नसती तर हा आवाज ऐकायला मिळाला असता का, हा प्रश्न त्या नावातच आहे.

फुलपाखरांचं गणित आणखी निराळं. फुलपाखराला हलकं अंग आणि वारा यांचा दुहेरी फायदा मिळतो. क्रिमझन रोज हे काळं, तांबड्या अंगाचं फुलपाखरू धनुष्कोडीहून थव्यानं समुद्रावर झेपावताना लोकांनी पाहिलं आहे. पिवळट-पांढरी स्थलांतरी फुलपाखरं तर ठरावीक महिन्यांत हजारोंनी बेटावरून वाहत जातात. श्रीलंकेतला श्रीपाद हा २,२४३ मीटर उंचीचा पवित्र डोंगर, लोक त्याला समनल कंद म्हणजे फुलपाखरांचा डोंगर म्हणतात. यात्रेच्या मोसमात फुलपाखरंही देवदर्शनाला डोंगर चढतात अशी तिथली श्रद्धा आहे.

पण उडता आलं म्हणून फुलपाखराला कुठंही घर करता येत नाही. मादी ज्या झाडावर अंडी घालते तेच झाड सुरवंट खातो, आणि बहुतेक प्रजातींचं हे झाड ठरलेलं असतं. ते झाड पलीकडं नसेल तर समुद्र ओलांडूनही उपयोग शून्य. क्रिमझन रोजची मादी सापसंदाच्या वेलीवर अंडी घालते. ही वेल दोन्हीकडच्या मैदानी, मोकळ्या भागातही उगवते, त्यामुळं ते फुलपाखरू दोन्हीकडचं. त्याच कुळातलं सिलोन रोज मात्र ओल्या सदाहरित रानाच्या सावलीतच राहतं आणि त्याच्या सुरवंटाची वनस्पतीही तिथल्याच सावलीतली. त्यामुळं ते फक्त श्रीलंकेचं झालं, आणि त्याचा भाऊबंद मलबार रोज पश्चिम घाटाचा. बेटावरचं सगळ्यात मोठं फुलपाखरू, सोनेरी मागच्या पंखांचं श्रीलंकन बर्डविंग, हेही असंच. पंख पसरले तर सतरा-अठरा सेंटिमीटर भरतात. सापसंदाच्या कुळातल्या वनस्पती विषारी असतात. सुरवंट ते विष पचवून अंगात साठवतो, पुढं ते फुलपाखराच्या अंगातही उतरतं, त्यामुळं पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच ते एवढं मोठं अंग घेऊन भर दिवसा सावकाश उडू शकतं.

मधली अवस्था पाहायची असेल तर आपल्या राज्याचं फुलपाखरू घ्या. राणी पाकोळीला महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक असलेलं हे फुलपाखरू भारताच्या द्वीपकल्पात आहे आणि श्रीलंकेतही आहे. फरक आहे, पण उपप्रजातीपुरता. लिंबाच्या कुळातली झाडं त्याच्या सुरवंटाला चालतात आणि ती माणसाच्या बागेतही असतात. त्यामुळं ताटातूट कधी पुरती झालीच नाही.

आता पुन्हा बेडकांकडं, कारण खरी गंमत तिथं आहे. श्रीलंकेच्या बेडकांत सगळ्यात मोठं कुटुंब झुडपी बेडकांचं, ‘स्यूडोफिलॉटस’ या वंशाचं. सत्तरहून अधिक प्रजाती. बहुतेक दोन ते चार सेंटिमीटरचे, बोटांच्या टोकांना चकत्या असलेले, दिवसा पानाआड चिकटून बसणारे आणि रात्री झुडपाच्या पानावरून ‘टिक टिक’ करणारे. १९९० च्या दशकापर्यंत यातल्या दीड-दोन डझनच प्रजाती माहीत होत्या. रोहन पेथियागोडा, केलुम मनमेंद्र-अराच्ची, माधव मीगस्कुंबुरा हे श्रीलंकेचे अभ्यासक आणि त्यांच्या सोबत्यांनी डोंगर न् डोंगर पिंजून काढला, रात्री आवाज ऐकत बेडूक शोधले, जनुकं तपासली, आणि २००२ मध्ये ‘सायन्स’मध्येच जाहीर केलं की या छोट्या बेटावर बेडकांची अख्खी नवी दुनिया आहे.

एवढ्या प्रजाती कशा झाल्या हे समजायला त्यांची वीण पाहावी लागते. शाळेत आपण शिकतो: बेडूक पाण्यात अंडी घालतो, बेडूकमासे बाहेर येतात, त्यांना पाय फुटतात, शेपूट झडते. झुडपी बेडूक हा धडा पाळत नाहीत. पावसाळी रात्री नर झुडपावर बसून साद घालतो, मादी येते, आणि जोडी जमली की नराला पाठीवर घेऊन ती जंगलाच्या जमिनीवर उतरते. पाल्याखालची भुसभुशीत माती उकरून छोटा खळगा करते, त्यात काही डझन अंडी घालते. कित्येक प्रजातींत ती अंडी मातीत कालवते, म्हणजे प्रत्येक अंड्याला मातीचं अस्तर बसतं, आणि वरून पुन्हा माती सारखी करते. काम झालं की पुन्हा झुडपावर. काही प्रजाती जमिनीवर न उतरता पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतात. पोहणारा बेडूकमासा कधी होतच नाही. पिल्लाची सगळी वाढ अंड्याच्या पारदर्शक गोळ्यात होते आणि काही आठवड्यांनी त्यातून बाहेर पडतो तो चार पायांचा, जेमतेम काही मिलिमीटरचा, पुरा बेडूक.

याचे दोन परिणाम झाले. पहिला: तळं-डबकं लागत नाही. डोंगराच्या उभ्या उतारावरही वीण होते, मासे अंडी खात नाहीत, डबकं आटायची भीती नाही. दुसरा: माती आणि हवा कायम ओली लागते, कारण अंड्याला पाण्याचा आधार नसतो. श्रीलंकेच्या ओल्या पट्ट्याला दोन मोसमी वारे मिळतात, मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून, मधल्या महिन्यांत दुपारचे वळीव. आंबोलीत वर्षभरात सिंहराजापेक्षा जास्त पाऊस कोसळतो, पण तो चार महिन्यांत. पुढचे आठ महिने रान तापत राहतं. बेडकाच्या दृष्टीनं किती पडला यापेक्षा किती महिने पडला याला जास्त मोल आहे.

ओल हवी आणि तळं नको, अशा जिवासाठी डोंगराची प्रत्येक रांग हे वेगळं बेट होतं. श्रीलंकेच्या पोटात असे तीन मोठे डोंगरी भाग आहेत: मध्य पर्वत, ईशान्येचा नकल्स आणि दक्षिणेचा रकवाना. त्यांच्यामध्ये सखल, तुलनेनं उष्ण आणि कोरड्या दऱ्या. हवामान ओलं होतं तेव्हा रान दऱ्यांत उतरतं आणि त्यासोबत बेडूकही उतरतात, एका डोंगरावरून दुसऱ्यावर पोचतात. हवामान कोरडं झालं की रान वर आक्रसतं आणि बेडूक आपापल्या शिखरांवर कोंडले जातात. हजारो पिढ्या कोंडलेल्या अवस्थेत गेल्या की साद बदलते, रंग बदलतो, आणि पुढं वाट मोकळी झाली तरी दोन डोंगरांवरचे बेडूक एकमेकांना जोडीदार म्हणून ओळखत नाहीत. एकाच्या दोन प्रजाती झालेल्या असतात. आज जनुकांवरून वंशावळ मांडली तर सर्वांत जवळचे नातेवाईक बहुधा शेजारच्या डोंगररांगेवरच निघतात.

या वंशावळीवरून काळही काढता येतो, कारण जनुकांतले बदल साधारण ठरावीक गतीनं साचत जातात. मीगस्कुंबुरा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार या बेडकांचे पूर्वज भारतातून श्रीलंकेत आले ते जवळपास ३.४ कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा जग थंड होऊन समुद्र खाली गेला होता आणि जमीन वर आली होती. त्या एका आगमनातून पुढं हळूहळू, सावकाश, सत्तरहून अधिक प्रजाती फुटल्या. इकडं भारतात राहिलेल्या चुलत शाखेतून पश्चिम घाटातल्या झुडपी बेडकांचा वंश वाढला, त्याचं नाव ‘राओर्चेस्टेस’. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावानं ओळखला जाणारा, उत्तर सह्याद्रीतला ‘राओर्चेस्टेस घाटेई’ याच शाखेतला. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटवाटांवर रात्री झुडपातून येणारी बारीक ‘टिक टिक’ पुष्कळदा याच वंशातल्या नरांची असते.

आणि मग सुमारे ८८ लाख वर्षांपूर्वी उलटा प्रवास झाला. आशियाई मोसमी पाऊस बळावल्यावर श्रीलंकेतल्या शाखेतला एक बेडूक परत भारतात आला. त्याची संतती आज पश्चिम घाटात मोजकीच आहे, आणि त्यातली एक प्रजाती सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या नावानं ओळखली जाते: ‘स्यूडोफिलॉटस आंबोली’. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी २००९ मध्ये तिला नाव दिलं. तपकिरी, लहानखुरा, पावसाळी रात्री आंबोलीच्या झुडपांत ओरडणारा हा बेडूक आजूबाजूच्या बाकी झुडपी बेडकांपेक्षा श्रीलंकेतल्या बेडकांना जवळचा आहे. मला हे समजल्यापासून आंबोलीच्या पावसाकडं पाहायची नजरच बदलली. तीन कोटी वर्षांत एकदा तिकडं जाणं आणि एकदा परत येणं, एवढाच या दोन्हीकडच्या झुडपी बेडकांच्या येण्या-जाण्याचा हिशोब आहे. परत आलेल्याच्या फार प्रजाती झाल्या नाहीत, त्याचं एक कारण असं असावं: पश्चिम घाटातली झुडपं तोवर चुलत भावंडांनी व्यापलेली होती.

जो जीव एका डोंगरापुरता असतो त्याचा डोंगर गेला की तो गेला. १८१५ मध्ये कँडीचं राज्य इंग्रजांच्या हाती गेलं आणि पुढच्या काही दशकांत मधल्या डोंगरांवरचं रान कॉफीसाठी साफ झालं. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला, मळे बसले, आणि त्यांच्या जागी चहा आला. आज ओल्या पट्ट्यातल्या मूळच्या सुमारे १५,००० चौरस किलोमीटर वर्षावनापैकी जेमतेम ७५० उरलं आहे, तेही तुकड्यांत. एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले बेडूक लंडनसारख्या ठिकाणच्या संग्रहालयांत बाटल्यांमध्ये आहेत. पेथियागोडांच्या गटानं ते नमुने काढून आजच्या बेडकांशी ताडून पाहिले, तेव्हा कित्येकांचा जिवंत जोडच मिळेना. २००४ च्या सुमारास जगभरात नामशेष ठरवलेल्या उभयचरांची संख्या ३४ होती, त्यातले १९ एकट्या श्रीलंकेचे. पक्ष्यांच्या बाबतीत असं घडलं नाही. पक्षी उरलेल्या तुकड्यांतही तग धरून राहिले. बेडकाला शेजारच्या डोंगरापर्यंत चहाचं उघडं रान ओलांडता आलं नाही.

या यादीतली काही नावं पुसता आली हेही सांगायला हवं. डॉ. केलार्ट यांनी १८५३ मध्ये एका झुडपी बेडकाचं वर्णन केलं होतं, अंगावर चांदण्यांसारखे ठिपके असलेल्या. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही आणि नामशेष म्हणून नोंदला गेला. २००९ मध्ये श्रीपादच्या परिसरातल्या रानात तो पुन्हा सापडला, जिवंत. दीडशेहून अधिक वर्षं ते रान टिकलं म्हणून तो टिकला.

उरलेले तुकडे जोडता येतील का, यावरही काम चालू आहे. सिंहराजाच्या कडेला पूर्वी पाइनची लागवड झाली होती. पाइनखालची जमीन कोरड्या सुयांनी भरते, आणि मातीत अंडी घालणाऱ्या बेडकाला सावलीबरोबर ओली, भुसभुशीत मातीही लागते. निमल आणि सावित्री गुणतिलके या वनस्पतिशास्त्रज्ञ दाम्पत्यानं आणि मार्क अ‍ॅश्टन यांनी तिथं एक साधा प्रयोग केला: पाइनच्या काही ओळी काढायच्या, बाकी ठेवायच्या, आणि मिळालेल्या अर्धवट सावलीत मूळ रानातली झाडं लावायची. सिंहराजातल्या झाडांची रोपं रणरणत्या उन्हात जगत नाहीत, म्हणून पाइनची उरलेली सावलीच त्यांना छत्र म्हणून वापरली. किती ओळी काढल्या तर कोणतं झाड चांगलं वाढतं, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. त्या नोंदींवरून आता इतर पाइन पट्टेही पालटता येतात.